पान्याला काय कळतं?

मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर. एकेकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ३७ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटतं त्या क्षणी आतला दाब ५० बारपर्यंत सहज चढतो. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ५० किलो. गुणाकार करून बघा, १,८०० किलोंच्या वर जातो. अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरमधला एक भडका जवळजवळ तीन मारुत्यांच्या वजनाइतका जोर लावतो. हा जोर पिस्टनला खाली ढकलतो, आणि तेवढाच जोर वरचं हेड उचकटून काढू पाहतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला पंचवीस वेळा घडतं. तिन्ही धरले तर पंचाहत्तर वेळा. आपण मात्र एसी लावून गाणी ऐकत बसलेले असतो.

हेडला जागच्या जागी धरून ठेवतात बोटाएवढे काही बोल्ट. आणि ते बोल्ट धरून ठेवू शकतात, कारण ते ताणलेले असतात.

बोल्ट म्हणजे दोन वस्तू एकत्र डकवणारा दांडा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. आवळला की लांबतो, आणि परत आखडायला बघतो. त्या आखडण्याच्या ओढीतून पकड तयार होते. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा ८० मिलिमीटर भाग ताणला जात असेल, तर योग्य आवळल्यावर त्याची लांबी साधारण ०.१७ मिलिमीटरने वाढते. वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढीच ही वाढ, पण तिच्यामुळे जी पकड मिळते ती अडीच टनांच्या घरात असते. ही पकड आणायला माणसाला लागतं काय, तर पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोंचा जोर. शाळकरी पोरालाही जमेल. अडीच टन वजन पोराच्या हातात देणारी ही करामत आट्यांच्या उताराची. आटा हा बोल्टभोवती गुंडाळलेला एक लांबलचक घाट आहे आणि आपण तो हळूहळू चढत असतो.

आता यातली खोच. पान्यावर लावलेल्या जोरातला ढोबळ मानाने निम्मा वाटा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आणखी चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात. बोल्ट प्रत्यक्ष ताणायला उरतो दहावा हिस्सा. म्हणजे हाताला जे जाणवतं, त्यातलं नव्वद टक्के तर घर्षणच असतं! गंजलेला बोल्ट लवकर घट्ट लागतो, पण आत ताण कमीच असतो. उलट आट्यांना तेलाचा हात लावला, की त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आवळायच्या जोराचा आकडा तेलकट आट्यांवर वापरला तर ताण सहज तिसऱ्या हिश्श्याने वाढू शकतो. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकड्याच्या शेजारी ‘आटे स्वच्छ आणि कोरडे’ किंवा ‘इंजिन ऑइल लावून’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तो आकडा आणि ती सूचना एकत्रच वाचायची असते.

घरी गाडीचं इंजिन हाताळायचं, तर कोणती खास हत्यारं घ्यावीत, या प्रश्नाचं माझं उत्तर या बोल्टपाशी सुरू होतं. फिरवणारी हत्यारं थोडी चालतात. कळणारी हत्यारं आधी घ्यावीत. इंजिनातलं बहुतेक सगळं महत्त्वाचं आपल्या डोळ्यांच्या, कानांच्या आणि बोटांच्या पलीकडे घडतं. खास हत्यार म्हणजे तिथवर पोचलेलं एक जास्तीचं इंद्रिय.

त्यातलं पहिलं टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जातोय ते सांगणारा पाना. कॉन्रॅड बार हे न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करत. जमिनीखालच्या मोठ्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार वाटेल तसे आवळत आणि मोडत, म्हणून १९१८ मध्ये आपण असा पाना बनवला, असं बार सांगत. पुढे १९३५ मध्ये जॉर्ज फेफर्ल यांच्याबरोबर त्यांनी त्याच्या सुधारित रूपाचं पेटंट घेतलं. इंजिनवाल्यांच्या इतक्या जिव्हाळ्याच्या या हत्याराची ही गोष्ट पाण्याच्या नळावर सुरू होते, याची मला गंमत वाटते.

आज दुकानात याचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एक खटक्याचा: मुठीपाशी आकडा लावायचा, बोल्ट आवळत जायचं, ठरलेला जोर आला की आतला स्प्रिंगने दाबलेला ठोकळा सटकतो आणि ‘खट्’ होतं. लक्षात ठेवायचं ते असं की खटका पडल्यावर पाना थांबत नाही, थांबायचं आपण. दुसरा काट्याचा: एक लवचीक दांडा वाकतो, शेजारचा सरळ काटा जागेवर राहतो, आणि पट्टीवर आकडा दिसतो. हा दिसायला बावळट, पण त्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. काटा शून्यावर नसेल तर हाताने वाकवून शून्यावर आणला की झालं. अडचण एकच, वाचायला समोरून बघावं लागतं, आणि इंजिनाच्या बेचक्यात डोकं घालून समोरून बघणं हे योगासनच आहे.

दोन्हींत चूक होते ती पल्ला निवडताना. बहुतेक जण हौसेने ४० ते २०० न्यूटन-मीटरचा मोठा पाना घेतात, ज्याच्या टोकाचा, सॉकेट बसवायचा चौकोन अर्धा इंची असतो. चाकाचे नट १०० च्या आसपास आवळायचे असतात, तिथे तो उत्तम. पण १४ मिलिमीटर आट्यांचा स्पार्क प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ च्या आसपास बसवायचा असतो. तिथे हा पाना ४० च्या आत खटकाच देणार नाही. माणूस खटक्याची वाट बघत ओढत राहतो आणि एका क्षणी पाना अचानक सैल लागतो. आटे गेले. मग हेलीकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा, नाहीतर हेड काढा. शिवाय चांगल्या पान्याचीही अचूकता, साधारण चार टक्के इकडेतिकडे, ही पूर्ण पल्ल्यासाठी नसते. सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याखाली त्यावर भरवसा ठेवू नये. म्हणून इंजिनाच्या कामासाठी मी अर्ध्या इंचाहून एक सूत लहान चौकोनाचा, २० ते ११० च्या पल्ल्याचा पाना आधी घ्यायला सांगेन. प्लग, ऑइलचा ड्रेन प्लग, चाकाचे नट, सगळं त्यात येतं. व्हॉल्व्ह कव्हरचे बारीक बोल्ट १० च्या आसपास असतात. त्यांच्यासाठी पुढेमागे ५ ते २५ चा छोटा. मोठ्या पान्याचा मान चाक-मिस्त्रीला राहू द्यावा.

मुरलेल्या मिस्त्रीच्या हाताला आकडा लागत नाही, हे खरं आहे. पुण्याच्या नाना पेठेतल्या गल्ल्यांत किंवा कुर्ल्याच्या एखाद्या गॅरेजात असे हात आजही आहेत. मनगटाला जो ‘दम’ जाणवतो त्यावर ते ऑइल पॅनचे सगळे बोल्ट एकसारखे आवळतात, आणि पुढची दहा वर्षं थेंब गळत नाही. पण त्यांचा हात एकाच तऱ्हेच्या बोल्टवर, एकाच लांबीच्या पान्यावर हजारो वेळा फिरलेला असतो. रविवारी एकदा बाह्या सरसावणाऱ्याने त्या हाताची नक्कल करू नये. आणि काही ठिकाणी तर उस्तादाचा हातही कामाचा नाही. आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम इतके ताणतात की धातू स्प्रिंगसारखं वागणं सोडायच्या उंबरठ्यावर, किंवा थोडा पलीकडेही जातो. तिथे घर्षणाच्या लहरीवर विसंबणं परवडत नाही. म्हणून आधी थोडा टॉर्क, मग ‘आणखी ९० अंश’ असा हुकूम असतो. किती कोनातून फिरवलं यावर बोल्ट किती लांबला हे ठरतं. घर्षण कमी असो की जास्त, आट्याचा उतार बदलत नाही. त्यासाठी कोन मोजणारी एक साधी तबकडी मिळते, चौकोनावर चढवायची. स्वस्त आणि मोठी हुशार वस्तू. असे बोल्ट एकदा ताणले की बहुधा पुन्हा वापरत नाहीत, हेही मॅन्युअल सांगतं.

टॉर्क रेंचने बोल्ट सोडवू मात्र नये. सोडवायला लांब दांड्याचा साधा पाना.

गोट्यांबद्दल, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटांबद्दल, फार लिहायला नको, पण एक-दोन गोष्टी. हँडल वेगळं, गोट्या वेगळ्या, हवं ते हवं त्यावर चढवायचं, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की कुणीतरी ती विकायला सुरुवात केली असेल हे मनातही येत नाही. अमेरिकेत मिलवॉकी इथे १९२० मध्ये जोसेफ जॉन्सन यांनी ती धंद्यात उतरवली: पाच हँडलं, दहा गोट्या, म्हणजे पन्नास पाने. त्यातून स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली. आज मात्र बाजारात प्लॅस्टिकच्या पेटीत चमचमणारा १०८ नगांचा सेट मिळतो, आणि त्यातले निम्मे नग पेटीतून कधी बाहेर येत नाहीत. त्याऐवजी ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ च्या चांगल्या, सहा कोनांच्या गोट्या घ्याव्यात. बाराकोनी गोटी पटकन बसते, पण ती बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर देते आणि कोपरे गोल करते. सहाकोनी सपाट बाजूंवर टेकते. इम्पॅक्ट गनवर काळ्या, जाड भिंतीच्या गोट्याच लावायच्या. चकचकीत क्रोमची गोटी तिथे फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

स्पार्क प्लगसाठी वेगळी गोटी लागते, पातळ भिंतीची, आत रबराची नाहीतर लोहचुंबकाची पकड असलेली. प्लग खोल विहिरीत बसलेला असतो. ती पकड नसेल तर नवा प्लग वरून टपकतो आणि त्याची फट वाकते. जुन्या गाड्यांना २१ ची लागते, आताच्या बहुतेकांना १६ ची, काही नव्यांना १४ ची बाराकोनी. गाडी कोणती ते बघून एकच घ्यावी.

आणि जपानी गाड्यांच्या स्क्रूंबद्दल एक जाता जाता. जुन्या कार्ब्युरेटरवरचा स्क्रू फुलीचा दिसतो, आपण साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावतो, तो सटकतो आणि फुली चाटून जाते. दोष हाताचा नसतो. जपानी मानकाच्या फुलीचा घाट किंचित निराळा असतो. त्या मानकाचा एक ड्रायव्हर घेतला की वर्षानुवर्षांचा वैताग संपतो.

आता मला सर्वांत आवडणारं हत्यार. फिलर गेज. पोलादाच्या पातळ पात्यांचा एक जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली, ०.०५ मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत. काही शे रुपयांत येतं आणि जन्मभर पुरतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट याच पात्यांनी लावत. टॅपेट आजही लावतात, जिथे लावता येतात तिथे.

टॅपेटची फट म्हणजे काय ते बघण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह बंद असताना त्याची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यात जाणूनबुजून जागा सोडलेली असते. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला बऱ्याच इंजिनांत ०.२ मिलिमीटरच्या आसपास, धुराच्या व्हॉल्व्हला त्याहून थोडी जास्त. एवढीशी फट कशाला? तर धुराचा व्हॉल्व्ह तापून लालभडक होतो, ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि तापला की लांबतो. फट त्या वाढीसाठी राखलेली जागा. ती नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आणि इथे खरी मेख आहे. व्हॉल्व्हला थंड व्हायला मुख्य मार्ग एकच: आपल्या सीटवर घट्ट टेकणं आणि उष्णता हेडला देऊन टाकणं. ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला पंचवीस वेळा उघडमीट, आणि त्यातल्या मिटलेल्या क्षणांतच त्याला गारवा मिळतो. केसाएवढी फट राहिली तरी तो थंडावा तुटतो, वरून जळता वायू त्या फटीतून धावतो, आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते.

यातून एक उलटं सत्य निघतं. टॅपेट सैल झाला की टकटक आवाज येतो आणि मालक घाबरून गॅरेज गाठतो. टॅपेट घट्ट झाला की इंजिन छान शांत चालतं. नुकसान दुसऱ्यात होतं. कानाला जे गोड लागतं त्यावर भरवसा ठेवायची सोय नाही, म्हणून पातं लागतं. पातं फटीत सरकवताना किंचित ओढ जाणवली पाहिजे, आणि त्याच्या पुढच्या जाडीचं पातं जाता कामा नये. थंड इंजिनावर मोजायचं की गरम, ते मॅन्युअल सांगेल. तुमच्या गाडीत टॅपेट आपोआप ऑइलच्या दाबाने जुळत असतील, तर हे काम तुम्हाला नाही. तरीही प्लगच्या फटीसाठी गेज ठेवावंच. आंगठ्याच्या नखाने फट मोजणारेही आहेत, त्यांना नमस्कार.

दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज हे त्यानंतरचं. घेताना रबराचं टोक दाबून धरायचं मॉडेल टाळावं, प्लगच्या जागी आट्यांवर बसणारं घ्यावं. दुसरा माणूस नसतानाही काम होतं आणि आकडा खोटा पडत नाही. सगळे प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद करायच्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर चार-पाच दणके फिरवायचा, आणि काटा कुठे थांबला ते प्रत्येक सिलिंडरसाठी लिहून ठेवायचं. एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो. एकच सिलिंडर मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला, तर ऑइलने पिस्टनच्या रिंगांची फट बुजवली, म्हणजे रिंगा झिजल्यात. चढला नाही, तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलं असण्याचा संभव. इंजिन न उघडता, एका चमच्याने, आतलं निदान!

गेजच्या आकड्यात एक कोडंही आहे. कॉम्प्रेशन रेशो ९ असलेल्या इंजिनात हवा एक नवमांश जागेत कोंबली जाते, तेव्हा दाब नऊपट व्हायला हवा. गेज मात्र बारा-तेरा बार दाखवतं. जास्तीचा दाब कुठून येतो? पटकन दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा जास्त ढकलते. डिझेल इंजिन तर याच उष्णतेवर चालतं, त्याला ठिणगीही लागत नाही. आणि हेच गेज महाबळेश्वरला नेलं तर? तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत १२ बार दाखवणारं धडधाकट इंजिन तिथे साडेदहाच्याही खाली जाईल. इंजिन तेच आहे, सिलिंडर भरायला हवाच विरळ आली. डोंगरावर राहणाऱ्याने हे माहीत नसताना रिंगा बदलल्या तर खर्च फुकट.

आता बदललेल्या काळातलं हत्यार. भारतात २०१३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचं निदान करायची पद्धत लागू झाली; अमेरिकेत ती १९९६ च्या मॉडेलांपासून होती. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात छोटा स्कॅनर खोचला की गाडीचा संगणक आपल्या तक्रारी सांगतो. ‘पी०३०१’ आलं, म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतोय. पण संगणकाला हे कसं कळलं? सिलिंडरमध्ये डोळा नाही, कान नाही.

त्याचं उत्तर ऐकून मी चाट पडलो होतो. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत साठ जागांपैकी दोन दात मुद्दाम गाळलेले. ते गाळलेले दात म्हणजे फेरीची खूण. शेजारचा सेन्सर प्रत्येक दात जाताना टिपतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या संथ गतीत दोन दातांमधलं अंतर सव्वा मिलिसेकंदात पार होतं. एखाद्या सिलिंडरमध्ये भडका झालाच नाही, तर त्याला मिळायचा धक्का मिळत नाही, क्रँक त्या तेवढ्या कोनापुरता किंचित रेंगाळतो, आणि संगणक ते रेंगाळणं पकडतो. कोणत्या सिलिंडरची पाळी होती ते गाळलेल्या दातांवरून आणि कॅमशाफ्टच्या सेन्सरवरून ठरवतो. म्हणजे मुख्यतः एका दातेरी चाकाच्या चालीवरून तो तीन-चार बंद खोल्यांत काय झालं ते सांगतो. गंमत अशी की खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसके गिअरबॉक्समधून उलट क्रँकपर्यंत पोचतात आणि तेही मिस मारण्यासारखेच दिसतात. म्हणून अनेक गाड्यांत रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढ्या वेळापुरतं मिस मोजणं थांबवायची सोय असते. आपल्या रस्त्यांवर ती किती वेळ चालू राहत असेल, हे वाचकांनीच ठरवावं.

स्कॅनर घेताना नुसते कोड दाखवणारा घेऊ नये. चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा घ्यावा. कारण कोड रोगाचं लक्षण सांगतो, सुटा भाग सांगत नाही. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. लोक लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तो बिचारा तर खरं बोलत होता. बरेचदा कुठेतरी एक रबरी नळी तडकलेली असते आणि तिथून चोरहवा आत शिरते. चालू आकड्यांत फ्युएल ट्रिम नावाचा रकाना बघावा: संगणक मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय ते तिथे दिसतं. शून्याच्या आसपास पाचेक टक्के इकडेतिकडे ठीक. संथ गतीत २० टक्के जास्त आणि वेग वाढवल्यावर आकडा खाली, म्हणजे चोरहवाच. कारण गळती तेवढीच राहते, पण एकूण हवा वाढली की तिचा वाटा घटतो. हा एक रकाना वाचता आला तर वायफळ खरेदी कितीतरी वाचते. ब्लूटूथचे अगदी स्वस्त डोंगल मिळतात, त्यांतले काही सगळ्या गाड्यांशी बोलू शकत नाहीत, आणि कायम खोचून ठेवले तर बॅटरी थोडी थोडी पीत राहतात.

ठिणगीची वेळ तपासणारा टायमिंग लाइट मात्र घेऊ नका, जुनी गाडी नसेल तर. आताच्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो, आपल्याला फिरवायला तिथे काही उरलेलं नाही. पण कुणाच्या जुन्या जीपवर किंवा पद्मिनीवर ते वापरताना बघायला मिळालं, तर सोडू नका. पहिल्या प्लगच्या वायरवर चिमटा लावतात. प्रत्येक ठिणगीबरोबर दिव्यातला झेनॉन क्षणभर चमकतो. गरगर फिरणारी पुली त्या उजेडात ठार थांबलेली दिसते, तिच्यावरची खडूची खूण वाचता येते, आणि डिस्ट्रिब्युटर बोटभर फिरवला की थांबलेली खूण सावकाश सरकते. हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास एमआयटीत फिरत्या मोटारींचा अभ्यास करायला असाच लखलखाट वापरला होता. डोळ्यांसमोर बोटं तोडू शकणारा पंखा फिरतोय आणि डोळा सांगतोय की सगळं स्तब्ध आहे. म्हणून बाह्या आवरूनच बघावं.

काही हत्यारं विकत घेण्याऐवजी मागून आणावीत. व्हॉल्व्हचे स्प्रिंग दाबायचा शिकंजा, पुलर, आणि टायमिंगचं काम करताना क्रँक व कॅम जागच्या जागी धरणाऱ्या पिना. शेवटच्या तर प्रत्येक इंजिनाच्या वेगळ्या. काही इंजिनांत पुलीला किल्लीची खाच नसते, फक्त बोल्टच्या दाबाने ती शाफ्टला चिकटून असते. तिथे पिनांशिवाय बोल्ट सोडला की कॅम आणि क्रँकचं नातं तुटतं, आणि पुढच्या स्टार्टला पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. वर्षातून एकदाही न लागणाऱ्या पिनांवर खर्च करण्यापेक्षा ते काम गॅरेजला द्यावं. पैसे घालायचेच असतील तर जॅकबरोबरच्या, गाडी टेकवायच्या दोन मजबूत घोड्यांत घालावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

खरेदी मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात नाना पेठेत हातात घेऊन करावी. पाती गंजलेली नाहीत ना, रॅचेटला उलटसुलट फिरवताना किती दात लागतात, गोटीच्या आतले कोपरे धारदार आहेत की वितळल्यासारखे, हे फोटोत कळत नाही. आणि टॉर्क रेंच जुना मिळत असेल तर? घेण्याआधी तो घरीच तपासता येतो. चौकोन व्हाइसमध्ये घट्ट पकडायचा, पाना आडवा धरायचा. चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर खूण करायची आणि तिथे दहा लिटर पाणी भरलेला डबा दोरीने लटकवायचा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, गुणिले ९.८, गुणिले ०.४: सुमारे ३९ न्यूटन-मीटर. डब्याचं वजन आणि पान्याच्या स्वतःच्या दांड्याचा भार त्यात थोडी भर घालतात, तो हिशेबात धरायचा. आकडा आधी ३५ वर लावून बघायचा, मग एकेकाने वाढवत जायचं. ज्या आकड्यापर्यंत डबा खटका पाडतो आणि पुढच्या आकड्यावर पाडत नाही, तो पान्याचा खरा आकडा. चाळिशीच्या आसपास आला तर बिनधास्त घ्यावा. बराच दूर पडला तर विक्रेत्याशी भाव करावा, आणि उरलेल्या पैशांत कॅलिब्रेशन लॅबमधून तो नीट करून घ्यावा. वापरून झाला की मूठ सर्वांत खालच्या आकड्यापर्यंत सैल करून ठेवायची. त्याच्या खाली मात्र उलगडायची नाही, आतला ठोकळा जागा सोडतो.